पाटी नसलेले प्रथिन

स्वारगेट स्थानकाच्या आसपास ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एस.टी. कोठे जाणार हे तिच्या कपाळावरची पाटी सांगते. पाटी वाचायची, फलाट शोधायचा, रांगेत उभे राहायचे. आपल्या शरीरातील पेशींचा कारभारही बव्हंशी असाच चालतो.

पेशीत तयार होणाऱ्या ज्या प्रथिनांना बाहेर जायचे असते, त्यांच्या आरंभी बहुधा अमिनो आम्लांची एक छोटी खूण असते. ती त्यांची पाटी. ती ओळखून प्रथिनाला आंतर्द्रव्यजालिकेत घेतले जाते, तेथून ते गॉल्गी संकुलात जाते आणि शेवटी एका इवल्या पिशवीत बसून पेशीच्या सीमेवर पोहोचते. हा मार्ग उलगडणारे जॉर्ज पलाडे १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले, तर ही पाटी ओळखणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये तो सन्मान मिळाला. आपल्या स्वादुपिंडातील इन्सुलिन याच राजमार्गाने रक्तात उतरते.

काही प्रथिनांना मात्र पाटीच नसते, आणि तरीही ती बाहेर पडतात! ‘इंटरल्युकिन-१ बीटा’ हे त्यांतले सर्वांत खट्याळ. ते राजमार्गाने जातच नाही, असे १९९० मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवले. मग ते जाते तरी कसे, याचे बरेचसे उत्तर हाती यायला आणखी पंचवीस वर्षे लागली. हे प्रथिन पेशीत निष्क्रिय रूपात पडून असते. धोक्याची चाहूल लागली की पेशीतील एक कात्री त्याचे टोक छाटून त्याला जागे करते. तीच कात्री ‘गॅसडर्मिन-डी’ नावाचे दुसरे प्रथिनही कापते. त्याचे तुकडे पेशीच्या पटलात कडे करून बसतात, तेथे छिद्र पडते आणि इंटरल्युकिन त्यातून निसटते. थोडक्यात, फलाट नाही, रांग नाही. थेट कुंपणाला भगदाड. कधी पेशी ही छिद्रे बुजवते, कधी त्यातच तिचा अंत होतो. निसर्गाने एवढी आडवाट का काढली असावी? मला वाटते, आग लागल्याची वर्दी देणाऱ्याने रांगेत थांबू नये, एवढे साधे ते कारण असावे.

हे सारे आपल्याला कशाला, असे आपण विचाराल. ज्या घरात कुणाच्या पायाचा अंगठा रात्री दोन वाजता लालबुंद होऊन सुजतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, त्या घराने तर हे अवश्य जाणावे. यालाच आपण गाऊट किंवा वातरक्त म्हणतो. रक्तात साचलेल्या युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड, म्हणून ते तेथे लवकर धरतात. हे स्फटिक पांढऱ्या पेशींनी गिळले की वरची सारी यंत्रणा चालू होते, हे २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सिद्ध केले. ठणका स्फटिकांच्या टोचण्याचा कमी, आणि भगदाडातून सुटलेल्या त्या आरोळीचा अधिक.

मार्केट यार्डात हयात घालवलेले एक आजोबा अशाच सुजल्या पायाने दवाखान्यात आले होते. सोबत सूनबाई. “डॉक्टर, मामंजींची तुरीची आमटी मी कालपासूनच बंद केलीये.” आजोबांना दुखण्यापेक्षा ते अधिक लागले होते! डाळी आणि पालेभाज्या यांचा या आजाराशी म्हणावा तसा संबंध आढळत नाही. मद्य, विशेषतः बिअर, मटण आणि कलेजी यांचा आढळतो. आमटी पुन्हा सुरू झाली. खरा धागा त्यांच्या औषधांच्या डब्यात सापडला: रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, आणि त्याने युरिक आम्ल वाढते. आपल्याही डब्यात ते असू शकेल. मात्र गोळी परस्पर बंद करू नका. पर्याय डॉक्टरांनी ठरवायचा.

या दुखण्यावरचे जुने औषध म्हणजे कोल्चिसिन. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते. पांढऱ्या पेशींची धावपळ ते मंदावते, आणि वर सांगितलेल्या यंत्रणेलाही आवर घालते. पण औषध आणि विष यांतले अंतर येथे फारच थोडे आहे. कंद उगाळून देण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. गोळीचेही तेच: मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. उलट्या-जुलाब सुरू झाले की गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला झेपत नाहीत.

आणखी एक गोष्ट, आणि काळजी घेणाऱ्यांसाठी ती सर्वांत महत्त्वाची. हेच इंटरल्युकिन मेंदूपर्यंत निरोप पोहोचवून ताप आणते. उतारवयात ही साखळी मंदावते. म्हणून न्यूमोनिया किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असूनही वृद्धांना ताप येईलच असे नाही. सुजलेल्या सांध्यातही कधी स्फटिकांऐवजी जंतू असतात, आणि अंग थंडच लागते. यासाठी घरातील ज्येष्ठ ठणठणीत असताना त्यांचे तापमान दोन-चार दिवस मोजून वहीत लिहून ठेवा. त्यापेक्षा दोन अंश फॅरनहाइट अधिक आढळले, तर आकडा शंभराच्या आत असला तरी तो तापच समजावा. आणि तापमापक काहीही सांगो, आजी कालपासून असंबद्ध बोलत असतील, जेवणावरची वासना उडाली असेल, किंवा चालता चालता तोल जात असेल, तर सकाळची वाट न पाहता त्यांना दाखवून आणा.