साडेआठचा लोचा

घरातलं नेट बोंबललं की आपल्याकडे गुन्हेगार आधी ठरतो, तपास मागाहून सुरू होतो. एकतर कंपनीवाले चोर, नाहीतर राउटर डबडा, नाहीतर घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस. हा तिसरा पर्याय सगळ्यांच्याच सोयीचा. ते माणूस उलट बोलत नाही ना!

आमच्या डोंबिवलीच्या घरी डिट्टो हेच झालं. दादा बंगळुरूहून रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करतो. माझी पाच वर्षांची भाची आजोबांना शाळेतल्या गमती सांगते. गेल्या पावसाळ्यात हा कॉल अडकायला लागला. मध्येच तिचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा आणि स्क्रीनवर ते चक्र गरगरत बसायचं.

दादा आयटीतला. त्याचं निदान पाच सेकंदांत तयार : ‘‘बाबा नको तिथे बोट लावतात.’’ लाइन बघायला आलेल्या मुलाने ‘राउटर जुना झालाय’ म्हणून नवा बसवला. शेजारच्या काकांचा संशय गच्चीवरच्या उंदरांवर. मग दादाने दुप्पट स्पीडचा प्लॅन घेतला. फरक? शून्य.

फरक पडला तो बाबांमध्ये. बँकेत बत्तीस वर्षं काढलेली, एका रुपयाचा फरक सापडल्याशिवाय घरी न येणारी ही व्यक्ती. पण साडेआठ वाजत आले की ते चपला घालून ‘जरा खाली चक्कर मारून येतो’ म्हणायला लागले. एकदा आईला म्हणाले, ‘‘माझ्याच्यानं नाही होत गं आता हे.’’ नेटपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

गणपतीत मी चार दिवस घरी होते. मोदक वळता वळता आई सहज बोलून गेली, ‘‘दुपारी मावशीशी बोलते तेव्हा अगदी स्वच्छ दिसतं बघ. रात्रीच काय होतं कोण जाणे!’’

बास! इतके दिवस सगळे ‘कोणामुळे?’ विचारत होते, ‘कधी?’ कोणीच विचारलं नव्हतं. त्या रात्री बाबांना आग्रहाने बसवलं. आईने मायक्रोवेव्हमध्ये आमटी ठेवली आणि भाची गोठली. पिंग वाजलं, भाची बोलायला लागली. मग भाजी, मग दूध, प्रत्येक वेळी तेच! जुन्या राउटरच्याच जागी, म्हणजे फ्रिजवर, मायक्रोवेव्हला खेटून नवा राउटर विराजमान होता.

गंमत अशी, की मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वाय-फायचा एक पट्टा असतो २.४ गिगाहर्ट्झचा. ओव्हनमधून किंचित लहरी बाहेर झिरपतात. माणसाला त्यांचा त्रास नाही, पण नाजूक वाय-फाय सिग्नलसाठी तो शेजारचा डीजेच! आम्ही राउटर हॉलमध्ये आणला, बाबांचा फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकला. खर्च शून्य रुपये.

यात आपण एकटे नाही बरं का. वेल्समधल्या आबरहोसान गावात तब्बल १८ महिने रोज सकाळी सातला ब्रॉडबँड झोपायचं. केबल बदलूनही उपयोग झाला नाही. इंजिनियर लोक उपकरण घेऊन भर पावसात पहाटे गावभर फिरले, तेव्हा २०२० मध्ये चोर सापडला : एका घरातला जुना टीव्ही. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र सिग्नल मिळत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला : पिंग वाजायच्या आधीच कोणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं! दोन्हीकडे घड्याळाची साक्ष कामाला आली.

तेव्हा कस्टमर केअरला शिव्या घालण्याआधी तीन दिवस वेळा लिहून काढा. त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणारच नाही. आणि आई-बाबांचं वय हे बफरिंगचं कारण असेलच, तर ते यादीत सगळ्यात शेवटी लिहा.