दोर थांबत नाही

चाकणहून जर्मनीला डेप्युटेशनवर निघणाऱ्या माणसाला सल्ल्यांची कधी वाण पडत नाही. कुकर न्या, गोडा मसाला न्या, थर्मलचे दोन जोड घ्या, रविवारी दुकानं बंद असतात तर शनिवारीच सामान भरून ठेवा. मॅक्सम्युलर भवनातला कोर्स, व्हिसा, घरभाडं, सगळ्याची माहिती भोसरीपासून तळेगावपर्यंत कुणी ना कुणी देतं. पण हिवाळ्यात तिथले सहकारी ‘चला स्कीइंगला’ म्हणतात तेव्हा नेमकं काय वाढून ठेवलेलं असतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बर्फावरून घसरणं नंतरचं. त्याआधी डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टशी गाठ पडते आणि नवख्या माणसाची खरी त्रेधा तिथेच उडते.

मी निगडीची. पेंट शॉपच्या मेंटेनन्समध्ये काम करते, म्हणजे फिरत्या साखळ्या, मोटारी आणि सेन्सर यांच्यातच माझा दिवस जातो. स्टुटगार्टजवळ पोस्टिंग असताना आमच्या विभागातले एक सीनियर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते आणि मी जर्मन सहकाऱ्यांबरोबर निघालो. उल्ममार्गे रेल्वेने ओबरस्टडॉर्फ, तिथून बसने क्लाइनवाल्झरटाल. ही दरी ऑस्ट्रियाची, पण मोटारीचा रस्ता फक्त जर्मनीतून. सकाळी भाड्याचे बूट आणि स्की पायात अडकवून आम्ही शिकाऊ लोकांच्या उतारापाशी उभे राहिलो आणि समोरचं यंत्र बघून मला काहीच उमगेना.

रोपवे म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रायगड येतो. तिथे पाळणा थांबतो, आपण आत बसतो, दार लागतं, मग तो सुटतो. इथे दोर अखंड फिरत होता. त्याला ठरावीक अंतरावर उलट्या टी आकाराचे दांडे लोंबत होते. जोडीजोडीने माणसं पुढे सरकत, दांडा मागे घेत आणि क्षणात वर ओढली जात. कुणासाठी काही थांबत नव्हतं. आमची पाळी आली तेव्हा दांडा दादांच्या मांडीला आणि माझ्या कमरेला लागला, कारण दादा सहा फूट आणि मी जेमतेम पाच. दांडा मागे आला म्हणजे त्यावर टेकायचं, असंच कुणालाही वाटेल. मी टेकले. वरच्या डबीतली दोरी सर्रकन उलगडली, दांडा खाली गेला आणि आम्ही दोघंही वाटेतच आडवे झालो. मागून पुढची जोडी येतच होती. लिफ्टवाल्या आजोबांनी बटण दाबून दोर थांबवला. ते जे ओरडत होते त्यातलं ‘बसू नका’ एवढंच मला कळलं.

आम्ही बाजूला झालो. पुन्हा रांगेत जायच्या आधी मी कुंपणापाशी उभी राहून नुसतं बघत राहिले. कारखान्यात नवी लाइन आली की आधी तेच करतो: माल कुठे चढतो, कुठे उतरतो, अडकला तर काय थांबतं. टी-बार हा बसायचा दांडा नव्हेच, तो मागून ढकलणारा दांडा आहे. डबीत स्प्रिंगवर गुंडाळलेली दोरी असते. सुरुवातीचा हिसका ती झेलते. पण वजन टाकलं की उलगडत जाते. म्हणून पायांवर उभं राहायचं, गुडघे सैल, दोन्ही स्की समांतर आणि टोकं वरच्या दिशेला. काठ्या बाहेरच्या हातात. जोडीदार आपल्या उंचीचा शोधायचा, नाहीतर सरळ एकट्याने जायचं. पडलो तर दांडा सोडून लोळत का होईना, पण वाटेबाहेर निघायचं, कारण पुढचा दांडा येतोच आहे. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे लिफ्टवाल्याला आधीच सांगायचं, ‘आनफेंगर’, नवखी आहे. मी सांगितलं. आजोबांनी वेग कमी केला, दांडा स्वतः माझ्या मागे धरला आणि हातमोजा हलवून ‘जा’ म्हणाले. मी वर पोहोचले.

संध्याकाळी या यंत्रांचा इतिहास वाचला आणि त्यांच्याविषयी आपलेपणा वाटू लागला. पहिली स्की-लिफ्ट १९०८ साली श्वार्त्सवाल्डमधल्या शोलाखला रोबेर्ट विंटरहाल्डर या खाणावळवाल्याने पाणचक्कीवर चालवली. एर्न्स्ट कॉन्स्टॅम या इंजिनिअरने १९३४ साली डावोसला टी-बारच्या घराण्यातली लिफ्ट उभारली. खुर्ची-लिफ्ट मात्र थेट आमच्या धंद्यातून आली. जेम्स करन हा युनियन पॅसिफिक रेल्वेचा इंजिनिअर. जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या कन्व्हेयरचं काम त्याने आधी केलेलं होतं. घडाच्या आकड्याऐवजी खुर्ची टांगून १९३६ साली अमेरिकेतल्या सन व्हॅलीत त्याने माणसं वर नेली. पेंट शॉपमध्ये ओव्हरहेड कन्व्हेयरखाली उभं राहणाऱ्या कुणालाही हे पटकन कळेल. भीती होती ती यंत्राची ओळख नसल्याची.

खुर्ची-लिफ्ट दोन प्रकारची असते आणि हा फरक तिकीट काढण्याआधीच बघावा. जुन्या लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची घट्ट असते, त्यामुळे सेकंदाला दोन-अडीच मीटर या वेगानेच ती पायांमागे येऊन आदळते. नव्या लिफ्टमध्ये स्टेशनात शिरताना खुर्चीची पकड दोरावरून सुटते, ती रुळावर सावकाश सरकते, माणसं बसली की पुन्हा दोराला धरते आणि सेकंदाला पाच मीटरने निघते. दिसायला वेगवान तीच चढायला सोपी. नवख्याने तीच निवडावी.

बसण्यापूर्वी काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे. पाठीवरची सॅक पुढे मांडीवर घ्यायची, कारण तिचा पट्टा खुर्चीत अडकला तर उतरताना माणूस लोंबकळतो. मफलर आणि मोकळे केस आत खोचायचे. दोन रेघांमधल्या खुणेवर उभं राहून खांद्यावरून मागे बघायचं, खुर्ची लागली की बसायचं, मग सगळ्यांना सांगून डोक्यावरची सुरक्षा-दांडी खाली घ्यायची. वर पोहोचताना दांडी उघडायची, स्कीची टोकं उचलायची, उभं राहायचं आणि घसरत बाजूला व्हायचं. मध्येच थांबून फोटो काढायचा नाही. उतरता आलं नाही तर उडी मारू नये. पुढे लिफ्ट थांबवणारी सुरक्षा-तार किंवा फाटक असतं.

लिफ्ट अधांतरी थांबते तेव्हा पोटात गोळा येतो. आमचीही थांबली. खाली ओढा, समोर सूचिपर्णी झाडं आणि वारा अंगाला झोंबत होता. दादा म्हणाले, ‘अगं, लाइन थांबली म्हणून आपण कधी खाली उडी मारतो का?’ खरंच. बहुतेक वेळा खाली कुणीतरी पडलेलं असतं किंवा एखाद्या सेन्सरने काम केलेलं असतं. मुख्य मोटार बंद पडली तरी दोर हळूहळू फिरवून माणसं उतरवायला वेगळं इंजिन असतं. बसून राहायचं, हातमोजे काढायचे नाहीत. सोसाट्याचा वारा सुटला तर मात्र उंचावरच्या लिफ्ट आधी बंद होतात. जमिनीवरून ओढणाऱ्या टी-बार बऱ्याचदा चालू राहतात. म्हणून निघण्याआधी त्या दिवशी कुठल्या लिफ्ट चालू आहेत ते बघावं.

पैशाचंही सांगते. शिकाऊ माणसाने पूर्ण डोंगराचा दिवसभराचा पास घेऊ नये. शिकाऊ उताराचा किंवा काही तासांचा पास बहुतेक ठिकाणी मिळतो. पासचं कार्ड डाव्या खिशात, मोबाइलपासून लांब ठेवावं. फाटकाचा रीडर बहुधा डावीकडे असतो. शिकवणीचे पैसे वाचवू नयेत, लिफ्टवर कसं चढायचं ते शिक्षक पहिल्याच तासात दाखवतात. ऑस्ट्रिया-जर्मनीत निळा उतार सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये त्याहून सोपा हिरवाही असतो. पण लिफ्ट वर कुठे सोडते आणि तिथून निळी वाट आहे का, हे नकाशावर बघूनच बसावं. दमलो तर गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या लिफ्टने, खाली येता येतं, प्रत्येक खुर्ची-लिफ्ट मात्र खाली नेत नाही. हिवाळ्यात चारच्या सुमारास लिफ्ट बंद होऊ लागतात. क्लाइनवाल्झरटालसारख्या सरहद्दीवरच्या भागात शेवटची लिफ्ट हुकली तर आपण एका देशात आणि सामान दुसऱ्या देशात, असं होऊ शकतं.

विमा नीट वाचा. साध्या प्रवास-विम्यात हिवाळी खेळ अनेकदा वगळलेले असतात. जर्मनीतला आरोग्य-विमा असला तरी हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरलेला असेलच असं नाही. इटलीत जायचं असेल तर स्कीइंगसाठी तृतीय-पक्ष विमा २०२२ पासून सक्तीचा आहे. हेल्मेट घालाच. मदतीला युरोपभर ११२, ऑस्ट्रियात डोंगरी बचाव पथकासाठी १४०.

जर्मनीचा योग नसेल त्यांच्यासाठी गुलमर्ग आहे. तिथला गोंडोला दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यापर्यंत जातो, पण नवख्याची जागा खालच्या कुरणातल्या छोट्या लिफ्टवरच. औलीचा विचार असेल तर रोपवे चालू आहे का ते आधी विचारा, जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद करावा लागला होता.

आमच्या पट्ट्यातून दरवर्षी किती तरी मुलं-मुली तिकडे जातात. त्यांना मसाल्याच्या यादीबरोबर हेही सांगा: पहिल्या दिवशी सगळ्यात छोट्या लिफ्टपाशी जा, दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा, लिफ्टवाल्याला ‘नवखा आहे’ म्हणा आणि मगच रांगेत लागा. आपल्याला यंत्रं वाचता येतात. ते कसब डोंगरावरही वापरा, म्हणजे स्कीइंग शिकायला ताकदही उरेल आणि मनही.