गीत, संगीत, स्वर

मुलुंड पूर्वेला आम्ही, घाटकोपरच्या पंतनगरला आत्या, बोरिवलीच्या बाभईत मोठे काका आणि अंधेरीला मामा. चार बिऱ्हाडं, पण कॅसेटी सामायिक. एका घरात घेतलेली कॅसेट लोकलने फिरत फिरत बाकीची तीन घरं करायची आणि परत आलीच तर तिच्या डबीत भलतीच कॅसेट निघायची. शेवटी काकांनी वही घातली. कोणी काय नेलं, कधी नेलं, सगळं त्यात. लग्नाच्या याद्यांपेक्षा ती वही नीट ठेवलेली असे.

टू-इन-वनच्या भोवती तेव्हा सगळं घर बसायचं. टेप अडकली की बाबा ती हलक्या हाताने सोडवायचे, मग पेन्सिल घालून गुंडाळायचे, आणि तोवर कोणी बोलायचं नाही. बाजारात न मिळणारी गाणी हवी असली की स्टेशनबाहेरच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे फुलस्केपवर यादी आणि कोरी नव्वदची कॅसेट द्यायची. कायद्याने ती चोरीच होती. आमच्या घरात मात्र कुणाला तसं वाटलं नाही, आणि हे मला आज बोचतं.

मग गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने सगळा बाजार फिरवला. एचएमव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त कॅसेट थेट वाण्याच्या आणि पानवाल्याच्या गादीवर आली. 1957च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती: ठरावीक मुदतीनंतर, रीतसर सूचना आणि रॉयल्टी देऊन, तेच गाणं दुसऱ्या आवाजात काढता येई. त्यातून रफी-किशोरच्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटींचा पूर आला. आमच्याकडे त्यावरून दोन तट पडले. मामा म्हणायचा, गाणं तेच आहे ना, मग झालं. आई म्हणायची, आवाज गोड आहे, पण हा तो नव्हे. मला अजूनही दोघांचं पटतं, कारण त्या स्वस्त कॅसेटी नसत्या तर कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी टेप वाजलाच नसता. 12 ऑगस्ट 1997ला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांची हत्या झाली, तेव्हा मामाच्या सगळ्या गल्लीत सुतक असल्यासारखं होतं.

पण मला सांगायचं आहे ते कॅसेटीच्या डबीतल्या घडीच्या कागदाबद्दल. गीत, संगीत, स्वर. तीन शब्द, पुढे तीन नावं. कॅसेट लावण्याआधी तो कागद मोठ्याने वाचायचा, हा आईचा नियम. रेडिओवर ‘आपली आवड’ लागलं की निवेदकही तीच तीन नावं सांगायचे. त्यामुळे शाळेत कविता यायच्या आधीच आम्हाला शान्ता शेळके, मंगेश पाडगावकर, सुधीर मोघे माहीत होते, आणि चाल ऐकून ‘हे खळेकाकांचं’, म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळ्यांचं, असं आम्ही मुलं पैज लावून सांगत असू. गाणारा एकटा गात नाही, त्याच्यामागे शब्द देणारा आणि चाल देणारा उभा असतो, हे त्या चिटोऱ्याने आमच्या हाडीमाशी रुजवलं.

नावं गळाली ती ॲप यायच्या आधीच. रेल्वेच्या पुलांवर एमपीथ्रीच्या सीड्या मिळायला लागल्या, एका तबकडीत दीडदोनशे गाणी. लावल्यावर दिसायचं काय, तर ‘ट्रॅक 07’. पुढे कॉलर ट्यूनचा सुकाळ झाला. मग सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या कानात गेलं.

याचा आनंद मला मनापासून आहे. आत्या आता फोनला तोंडाने सांगते, ‘माणिक वर्मा लाव,’ आणि माणिकबाई गायला लागतात. तिने हयातभर शोधूनही न मिळालेलं एक गाणं तिला असंच सापडलं. डोळ्याला पदर लावून तिने ते पाच वेळा ऐकलं. हे सुख कुठल्याही कॅसेटीच्या दुकानात नव्हतं. तरीही गाणं संपल्यावर तिने विचारलंच, कवी कोण गं? स्क्रीनवर फक्त गायिकेचं नाव.

हे नुसतं हळहळण्यापुरतं असतं तर लिहिलं नसतं. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा बदलला. चित्रपटगीत सिनेमागृहाबाहेर कुठेही वाजलं तरी कवी आणि संगीतकार यांचा त्यातला वाटा राहतो, तो कंपनीला लिहून देता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी संसदेत भांडले. हा पैसा गोळा करून वाटते ती 1969पासूनची आयपीआरएस ही संस्था; तिचा कारभार आपल्या अंधेरीतूनच चालतो. आता ॲपवर गाणं वाजतं म्हणजे मोजलं जातं ते ध्वनिमुद्रण. त्याला बारा अक्षर-आकड्यांचा कोड असतो. त्या ध्वनिमुद्रणाला शब्द आणि चाल कोणाची, हे नोंदीत बरोबर असलं तरच कवीचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचतो. नोंद कोरी राहिली तर पैसे अडकून पडतात. मराठी नावांचं तर रोमन लिपीत काहीही होतं, एकच शेळके तीन स्पेलिंगांत विखुरतात. घडीच्या कागदावर जी सन्मानाची ओळ होती, ती आता पोटापाण्याची ओळ आहे.

बोरिवलीच्या काकांचा नातू अलीकडे घरातल्या घरात गाणं ध्वनिमुद्रित करतो आणि वितरकामार्फत सगळ्या ॲपवर चढवतो. कंपनीच्या दारात उभं राहणं नाही, की कॅसेट काढायला भांडवल नाही. परवा त्याने फॉर्म दाखवला. गायक म्हणून स्वतःचं नाव, चाल त्याचीच, गीतकाराचा रकाना घाईत तसाच सोडलेला. शब्द त्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे आहेत. तिचं नाव बँकेच्या पासबुकात आहे त्याच स्पेलिंगने भर, असं त्याला सांगितलंय, आणि तिने आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं म्हणून सध्या मी दोघांच्याही मागे लागले आहे.