गाळलेला शब्द

वाचकहो, चामराजपेटेत जेथे बसून मी हे लिहितो, तेथून कन्नड साहित्य परिषदेची इमारत फार दूर नाही. आठ खंडांचा शब्दकोश सिद्ध करणारी संस्था शेजारी असताना एका शब्दापाशी माझी लेखणी अडावी, याचा आता मला संकोच वाटतो. गुप्तरोगांवरील एका लेखाचे भाषांतर करताना मुळातील ‘मुखमैथुन’ मी गाळले आणि नुसते ‘समागम’ लिहिले. घरोघरी वाचले जाणारे मासिक. म्हटले, मर्यादा राखावी.

पुढे एका वाचकाचे पत्र आले. विवाहापूर्वी त्यांचा एका स्त्रीशी संबंध आला होता, पण तो केवळ मुखाने. आता पत्नीला दिवस गेले होते. ‘समागम घडलाच नाही, तेव्हा तपासणीचे कारण नाही ना?’ माझ्याच वाक्याचा त्यांनी आधार घेतला होता!

म्हणून स्पष्ट लिहितो. मुखमैथुनाने गर्भ राहत नाही हे खरे. पण रोगजंतूंना त्याचे काय? परमा घशात ठाण मांडतो आणि बहुधा घसा दुखतही नाही. नुसती लघवी तपासून तो सापडत नाही. घशातील स्राव तपासावा लागतो. उपदंशाचा व्रण ओठावर वा जिभेवर उठतो, दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस निर्धास्त होतो. रोग मात्र शरीरात राहतो आणि मातेकडून गर्भापर्यंत पोचू शकतो. रक्ततपासणीने तो कळतो, पेनिसिलिनने बरा होतो, आणि गरोदरपणी वेळेवर उपचार झाल्यास मूलही बहुधा सुरक्षित राहते. हर्पिस या मार्गाने पसरतो. एचपीव्ही विषाणूमुळे पुढे कित्येक वर्षांनी घशाचा कर्करोगही होऊ शकतो. एचआयव्हीचा धोका मात्र फार थोडा. निरोध वापरल्याने बहुतेक धोका पुष्कळ कमी होतो.

ही पाश्चात्यांची खोड आहे, असे कोणी म्हणेल. वात्स्यायनाने तिला ‘औपरिष्टक’ असे नावच दिले आहे. आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविणाऱ्या र. धों. कर्व्यांनी असल्या विषयांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. मला तर केवळ एक शब्द लिहायचा होता.

त्या गृहस्थांना मी कळविले, की उभयतांनी सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकात जावे, डॉक्टरांपासून काही लपवू नये. १०९७ या क्रमांकावर निःशुल्क विचारताही येते. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही. पुढील अंकात मी दुरुस्ती दिली आहे, गाळलेल्या शब्दासह.