घोळणा

उन्हाळ्यांत घोळणा फुटणें ही आमच्या वाशीमकडे नवलाची गोष्ट नव्हे. चैत्र सरला कीं शाळेंतल्या पोरांपासून शेतावरच्या गड्यांपर्यंत कोणाच्या तरी नाकांतून रक्ताची धार लागावयाची, त्याच्या माथ्यावर गार पाणी ओतावयाचें, फोडलेला कांदा हुंगावयास द्यावयाचा, आणि घटकाभरानें सारें विसरून जावयाचें. या उपायांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. नाकाच्या पुढच्या भागांतील बारीक रक्तवाहिन्या कोरड्या हवेनें फुटतात आणि बहुधा आपण होऊन बंदहि होतात. यश मात्र कांद्यास मिळतें. परंतु रोजच्या परिचयाची गोष्ट एखादे वेळीं अगदीं निराळ्या कारणानें घडते, आणि त्या परिचयामुळेंच तिच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. असल्या एका घोळण्याविषयीं आज लिहावयाचें आहे.

२०२४ च्या एप्रिल महिन्यांत आमच्या बी. ए. च्या वर्गांतील एक विद्यार्थी रिसोडच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट घरीं खुंटीवर होतें. कवटीच्या तळाशीं बारीक भेग गेली होती, आंत रक्त फारसें सांचलेलें नव्हतें, आणि नवव्या दिवशीं तो आपल्या पायांनीं चालत घरीं आला. आळींत पेढे वांटले गेले. अठराव्या दिवशीं दुपारीं त्याचा घोळणा फुटला. पाणी झालें, कांदा झाला, रक्त थांबलें. “उन्हानं फुटला, सर,” असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें. त्या माउलीचें तरी काय चुकलें? सावलींतहि अंग भाजावें असे ते दिवस होते. दुसऱ्या दिवशीं पहाटे मात्र रक्त सुटलें तें पाटाचा बांध फुटावा तसें.

गळ्यांतून डोक्याकडे जाणारी जी मोठी धमनी, ती मेंदूपर्यंत पोंचण्यापूर्वीं कवटीच्या तळच्या हाडांतून नागमोडी वाट काढीत जाते. वाटेंत एके ठिकाणीं ती आणि नाकाच्या मागची पोकळी यांच्यामध्यें हाडाचा केवळ पातळ पापुद्रा असतो. भेग तेथें गेली तर धमनीची भिंत फाटते. वयोमानानें जे फुगे धमन्यांवर येतात त्यांना निदान ताणलेली कां होईना, पण स्वतःची भिंत असते. आघातानें झालेल्या फुग्यास बहुधा तीहि नसते. गोठलेलें रक्त आणि भोंवतालची थोडी ऊति एवढ्यावरच तो तगून असतो. डॉक्टर त्यास खोटा फुगा म्हणतात. मेंदूच्या धमन्यांवरील सर्व फुग्यांत अशांचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी. पण त्यांचा स्वभाव मोठा कपटी. पहिल्या चित्रांत ते पुष्कळदां दिसतच नाहींत, कारण ते अद्याप झालेलेच नसतात. रोगी बरा झाला असें घरच्यांनीं ठरविल्यावर, दोन-तीन आठवड्यांनीं, ते फुटतात. डोक्यास मार, एका डोळ्याची दृष्टि मंदावणें आणि मागाहून नाकांतून भरमसाट रक्त, हीं तीन एकत्र आलीं कीं जाणता डॉक्टर धमनीचें चित्र काढल्यावांचून राहत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यास उजव्या डोळ्यानें अंधुक दिसूं लागलें होतें. अशक्तपणा असेल म्हणून तो घरांत बोलला नव्हता.

आम्हीं नागपूरची वाट धरली. २०२२ च्या डिसेंबरांत नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून जातो. त्याच्यावरील अपघातांच्या बातम्या वाचून आम्ही त्यास पुष्कळ बोल लावीत आलों आहों; त्या दिवशीं त्यानें आमचे बहुमोल तास वांचविले हेंहि नमूद केलें पाहिजे.

असल्या फुग्याचें करावयाचें काय, हा प्रश्न जुना आहे. लंडनच्या जॉन हंटरनें १७८५ मध्यें एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुग्यासाठीं मांडींतील धमनीच बांधून टाकली. मेंदूची धमनी अशी सरसकट बांधतां येत नाहीं. पलीकडून पुरेसें रक्त येत नसेल तर अर्धांग ठेवलेलें. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीनें १९३७ मध्यें फुग्याच्या मानेस चिमटा लावला. पण खोट्या फुग्यास धरण्याजोगी मानच नसते. १९९० पासून फुग्यांत प्लॅटिनमच्या तारेचीं वेटोळीं भरूं लागले. पण भिंतच नसेल तर वेटोळीं टेकावयाचीं कशास?

हल्लींचा उपाय निराळा आहे. बारीक तारांची विणलेली एक लवचीक नळी जांघेंतील धमनींतून वर नेऊन फुग्याच्या तोंडावरून मूळ धमनींतच पसरवितात. फुग्यास हात लावावयाचा नाहीं. पाटाच्या कडेस भगदाड पडून बाजूस डबकें सांचावें, आणि डबकें बुजविण्याच्या भरीस न पडतां पाटांतच घट्ट जाळी बसवून पाणी पुढें काढून द्यावें, तसें हें आहे. गंमत अशी कीं, त्याच जाळीखालीं एखाद्या उपशाखेचें तोंड आलें तरी ती बहुधा वाहती राहते, कारण तिला पुढें जावयास वाट आहे. फुग्यास वाट नाहीं. त्यांतलें रक्त मंदावतें, सांकळतें, आणि कांहीं महिन्यांत जाळीवर नवें अस्तर चढून तें दार बंद होतें. अमेरिकेंत २०११ मध्यें ‘पाइपलाइन’ नांवाच्या अशा नळीस परवानगी मिळाली ती मोठ्या, रुंद तोंडाच्या फुग्यांसाठीं. आघाताच्या फुग्यांवर ती वापरणें हा डॉक्टरांच्या विवेकाचा भाग.

आणि येथेंच खरी मेख आहे. नळी धातूची, तिच्यावर गुठळी धरूं नये म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल अशीं दोन औषधें कांहीं महिने घ्यावीं लागतात. संमतिपत्र इंग्रजींत होतें. तीस वर्षें आम्हीं पोरांना इंग्रजी उतारे मराठींत करावयास लाविलें. त्या रात्रीं एका शेतकरी बापापुढें तो पाठ आम्हांस द्यावा लागला. अर्धांग, मृत्यु, पुन्हा रक्तस्राव, हे शब्द मराठींत फार स्पष्ट ऐकूं येतात. रक्ताच्या औषधाच्या ओळीवर त्यांनीं आम्हांस थांबविलें. “सर, रक्त तर नाकातून वाहून ऱ्हायलं, अन् हे आणखी पातळ करा म्हणतात?”

याहून नेमका प्रश्न कोणी विचारला असता असें आम्हांस वाटत नाहीं. तो आम्हीं जसाच्या तसा डॉक्टरांस विचारला. त्यांनींहि तो टाळला नाहीं. नळी घातली म्हणजे फुगा आज बंद झाला असें नाहीं. मधले दिवस जोखमीचेच. पण कांहींच न केलें तर पुढचा स्राव केव्हां होईल हें कोणाच्या हातीं नाहीं, आणि मूळ धमनीच बंद करावी तर पलीकडचा पुरवठा तोकडा आहे, असें त्यांनीं चित्रावर बोट ठेवून दाखविलें. बाप बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. मग त्यानें सही केली, आणि किती पैसे लागतील तें विचारलें. खर्च लाखांच्या घरांत गेला. सोयाबीनचें दोन एकर रान गहाण पडलें.

सहा महिन्यांनीं पुन्हा चित्र काढलें. धमनी सरळ वाहत होती आणि फुग्याचा मागमूस नव्हता. दोहोंपैकीं एक गोळी बंद झाली, ॲस्पिरिन चालू आहे. उजव्या डोळ्याची दृष्टि थोडी सुधारली, पुरती आली नाहीं. वर्गांत तो आतां डावीकडच्या बांकावर बसतो. त्या चित्राची तबकडी त्याच्या बापानें पत्र्याच्या पेटींत सातबाऱ्याच्या उताऱ्याजवळ ठेविली आहे. रानाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत.