शब्द फिरवणे आणि अनुशेष

विदर्भातल्या देवळीसारख्या कापसाच्या मुलखात व्यवहार पक्का करताना विसार दिला जातो, म्हणजे सौदा ठरल्याची खूण म्हणून थोडी रक्कम आगाऊ हाती ठेवली जाते. त्यामुळे ‘शब्द मोडला’ याचा अर्थ तिथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मराठीत या कृतीच्या छटा अनेक आहेत: ‘वचनभंग’ दोष ठेवतो, ‘घूमजाव’ बदललेली दिशा दाखवतो, ‘हात वर करणे’ जबाबदारी झटकते, तर ‘तोंडाला पाने पुसणे’ हा वाक्प्रचार फसवल्या गेलेल्याच्या बाजूने बोलतो, आणि म्हणूनच तो सर्वांत बोचरा वाटतो.

28 सप्टेंबर 1953च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा व नोकऱ्यांचा वाटा आणि नागपुरात दरवर्षी विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन, असा शब्द दिला होता. अधिवेशनाची प्रथा बहुतांशी टिकली, जरी 2020 आणि 2021चे हिवाळी अधिवेशन साथीच्या काळात मुंबईतच झाले. वाट्याचे मात्र तसे झाले नाही, आणि 1984च्या दांडेकर समितीच्या अहवालाने प्रादेशिक तूट मोजली तेव्हा ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे राहिलेली बाकी, हा शब्द घरोघरी पोहोचला. हिशेबाच्या वहीतला हा शब्द बाकी किती ते अचूक सांगतो, पण शब्द कोणी फिरवला हे सांगण्याची सोय त्याच्यात नाही, आणि खंत नेमकी तीच आहे.