पोसायडनचे दगड

ग्रीसमधल्या इस्थमियाला, समुद्रदेव पोसायडनच्या देवळात देऊळ सोडून सगळं आहे. तापलेलं ऊन, पाइनचा चिकट वास, आणि जमिनीत उतरलेले लांबट चर. पायाचे दगडसुद्धा उपसून नेले, त्यांची ही रिकामी जागा. दगड गेले कुठे, हे विचारायला लांब जावं लागत नाही. जवळच तट सुरू होतो.

कोरिंथची ही चिंचोळी पट्टी म्हणजे पेलोपोनेसचा उंबरठा. उत्तरेकडून जमिनीवरून येणारा इथूनच आत शिरणार. म्हणून इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्यापुढे थर्मोपिलीची खिंड पडल्यावर माणसांनी दगड, विटा, लाकडं, वाळूच्या टोपल्या रचत रात्रीचा दिवस केला. पण इराणी आरमाराने समुद्र जिंकला, तर भिंत काय कामाची? हा रोकडा सवाल इतिहासकार हिरोडोटसने नोंदवून ठेवलाय. निकाल लागला तो सालामिसच्या पाण्यावर, आरमारांच्या लढाईत.

तरी भिंतीचा मोह सुटला नाही. पाचव्या शतकात, रोमन सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, एका आखातापासून दुसऱ्यापर्यंत साडेसात किलोमीटर लांबीची हेक्सामिलिऑन भिंत उभी राहिली. राज्य ख्रिस्ती झालेलं, जुना देव निराधार, आणि घडीव दगड आयता समोर. देऊळ उतरलं, तट चढला. देवस्थानाच्या वाटेवरची रोमन कमान तेवढी जागची हलली नाही. तिलाच तटाला लागून असलेल्या किल्ल्याच्या दरवाजात चिणून घेतलं. तटातल्या एका दगडापाशी मी रेंगाळतो. कडेला बोटभर खोबण आहे, शेजारच्या दगडाला जखडणाऱ्या लोखंडी पकडीची. तो शेजारी आता इथे नाही. खोबणीत चुना आणि मुंग्या.

पुढे सम्राट जस्टिनियनने डागडुजी केली. 1415 मध्ये बायझंटाइन सम्राट दुसऱ्या मॅन्युएलने पंचवीस दिवसांत भिंत पुन्हा उभारली. 1446 मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मुरादच्या तोफांनी ती फोडली. पुढे 1893 मध्ये कालव्याने ही पट्टीच कापली.

1952 मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांना देवळाची जागा सापडली. चरांवरून लांबी-रुंदी कळली. वरचा साज समजायला मात्र तटात गेलेले दगड कामी आले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलीच ही गत. फक्त या चोराने हाती लागलेला ऐवज दीड हजार वर्षं सांभाळला. शत्रूला अडवायचं नेमून दिलेलं काम भिंतीला धड जमलं नाही. देऊळ राखायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं.